वज्रेश्वरीच्या कुंडांवर ठाण्याची वीज? नाही होणार

सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरतोय. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या गरम कुंडांवर जिओथर्मल प्लांट, म्हणजे जमिनीतल्या उष्णतेवर वीज बनवणारा, टाकला की अख्ख्या ठाण्याला कधीच न संपणारी फुकट वीज, आइसलँड पूर्ण त्याच्यावरच चालतो, सरकारने मुद्दाम दाबून ठेवलंय. वीजबिलाला वैतागलेली माणसं मनापासून पुढे पाठवतात, म्हणून नीट उत्तर देतोय.

आधी आइसलँड. तिथली साधारण ७० टक्के वीज नद्यांच्या पाण्यावरची आहे, जिओथर्मल ३० टक्क्यांच्या आसपास. घरं मात्र जवळपास सगळी जमिनीतल्या गरम पाण्यावर उबदार राहतात, गल्लत तिथे होते. शिवाय तो देश पृथ्वीच्या कवचाच्या दोन प्लेट्स दूर सरकतात त्या फटीवरच बसलाय आणि आपल्याकडचा खडक झालेला लाव्हा ६.६ कोटी वर्षं जुना, कधीच थंड झालेला. वज्रेश्वरीला तानसा नदीच्या काठी वर येतं ते मुरलेलं पावसाचंच पाणी, भेगांतून खोल जाऊन तापलेलं.

खरा प्रश्न तापमानाचा आहे. हिमाचलमधल्या मणिकरणच्या कुंडात भात शिजतो, वज्रेश्वरीजवळच्या अकलोलीच्या कुंडात लोक पाय सोडून बसतात, आधी चटका बसतो मग सवय होते. पाणी ५० अंशांच्या आसपास. मेसेजमध्ये अलास्काचं उदाहरण दिलंय, ते खरं आहे, चेना हॉट स्प्रिंग्जला २००६ पासून ७४ अंशांच्या पाण्यावर वीज बनते, पण तिथे थंड करायला ४-५ अंशांचं पाणी मिळतं आणि टर्बाइन चालतं ते गरम-थंडातल्या फरकावर, आपल्याकडे मे महिन्यात नळालाच ३० अंशांचं पाणी येतं. आपलं पाणी अगदी ५५ अंश धरलं तरी ५५ आणि ३० एवढ्याच फरकात उष्णतेच्या फार तर ७-८ टक्के वीज निघू शकते, प्रत्यक्षात निम्मीच धरा. सेकंदाला १० लिटर पाणी १५ अंशांनी थंड केलं तर हातात येतात २५ किलोवॅट, म्हणजे घोडबंदरच्या एका टॉवरमधले पंधरा-सोळा एसी, आणि त्यातूनच प्लांटचे पंपही चालवायचे.

फुकट म्हणाल तर इंधन फुकट, विहिरी फुकट नाहीत, किलोमीटरभर खोल खोदाई प्रचंड महाग पडते.

कधीच संपत नाही, हेही चूक. कॅलिफोर्नियातल्या द गायझर्स या जिओथर्मल विजेच्या क्षेत्रात १९८७ नंतर वाफ कमी होत गेली, शेवटी शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी पाइपने नेऊन जमिनीत सोडावं लागलं. आपल्या कुंडांभोवती बोअर मारत सुटलो तर कुंडंच आटायची भीती, मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते.

आणि दाबून कोणीच ठेवलेलं नाही. लडाखच्या पुगा खोऱ्यात १ मेगावॅटच्या प्रायोगिक प्लांटसाठी ओएनजीसीने २०२१ मध्ये उघडपणे करार केलाय, कारण तिथलं पाणी खरंच तेवढं तापलेलं आहे.