मागचा ब्रेक धरतोय? सिलिंडर बदलण्याआधी ब्लीडर उघडा

जुन्या पिकअपच्या मालकांमध्ये एक सल्ला सर्रास फिरतो: "मागची चाकं तापतात, गाडी जड ओढते, म्हणजे व्हील सिलिंडर जाम. दोन्ही सिलिंडर आणि शू बदला, अ‍ॅडजस्टर दोन-चार दाते ढिला ठेवा. ड्रम निघत नसेल तर हातोडा आहेच." (ड्रम चाकाबरोबर फिरतो. शू म्हणजे त्याला आतून घासून चाक थांबवणारे, लायनर लावलेले तुकडे. व्हील सिलिंडर ऑइलच्या दाबाने शू बाहेर ढकलतो, आणि अ‍ॅडजस्टर शूचं ड्रमपासूनचं अंतर ठरवतो.) यातलं बरंचसं कुठल्या ना कुठल्या गाडीला लागू पडतंच, म्हणून तर तो टिकलाय. पण दोष शोधायच्या आधीच पार्ट बदलायला लावणारा सल्ला आहे हा.

"चाक तापलं म्हणजे सिलिंडर गेला." एवढ्यावरून ठरत नाही. ब्रेक धरून राहतो तो दोन तऱ्हांनी: एक तर ऑइलचा दाब लाइनमध्ये अडकतो, नाहीतर दाब सुटूनही शू मागे येत नाहीत. कुठली तऱ्हा आहे ते काहीही न खोलता कळतं. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, मागचा अ‍ॅक्सल स्टँडवर घ्या (नुसत्या जॅकवर नको), गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक पूर्ण सोडलेला. पेडल तीन-चार वेळा जोरात दाबून सोडा आणि चाक हाताने फिरवा. लायनरची हलकी खरखर आणि डिफरन्शियलची थोडी ओढ चालते. चाक अडत असेल तर ब्लीडरवर (व्हील सिलिंडरमधलं ऑइल बाहेर काढायच्या स्क्रूवर) नळी चढवून तिचं टोक बाटलीत सोडा आणि ब्लीडर अर्धा फेरा उघडा.

ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं, तर दाब अडकलेला होता. सिलिंडर निर्दोष असण्याचीच शक्यता जास्त. ब्लीडर बंद करा, पेडल पुन्हा दाबून चाक धरू द्या, आणि या वेळी चासीकडून रबरी होजमध्ये येणाऱ्या पाइपचा नट किंचित ढिला करा. चाक सुटलं तर अडथळा त्याच्या वर, म्हणजे मास्टर सिलिंडरकडे (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणारा मुख्य सिलिंडर) किंवा प्रेशर व्हॉल्व्हमध्ये. नाही सुटलं, पण ब्लीडर उघडल्यावर सुटलं, तर होज गेला. बहुतेक पिकअपना मागच्या अ‍ॅक्सलसाठी एकच होज असतो. जुना झाला की आतून फुगतो किंवा त्याचा पापुद्रा सुटतो. पायाच्या जोराने ऑइल आत ढकललं जातं, पण स्प्रिंगच्या जोराने परत येत नाही. बाहेरून तो अगदी धडधाकट दिसतो. दोन्ही चाकं एकदम धरत असतील तर पहिला संशय त्याच्यावर घ्या.

काही जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये ड्रमच्या लाइनमध्ये सुमारे १० पीएसआय दाब राखणारा व्हॉल्व्ह मुद्दामच असतो. ब्लीडर उघडल्यावर थेंबभर ऑइल त्यामुळेही येतं. त्याला दोष समजू नका.

पुढची चाकंही धरत असतील तर पेडलच्या पुशरॉडला (पेडलपासून मास्टर सिलिंडरला ढकलणारी दांडी) प्ले, म्हणजे थोडी मोकळी हालचाल, आहे का ते तपासा. प्ले नसेल तर मास्टरचा पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि ऑइल टाकीत परतायचं भोक झाकलेलंच राहतं. टाकीच्या झाकणातलं रबर फुगून जागेवर बसेनासं झालं असेल, तर कुणीतरी ब्रेक ऑइलऐवजी इंजिन ऑइल किंवा स्टीअरिंग ऑइल ओतलंय. मग सिस्टिममधलं प्रत्येक रबर बदलणं आलं.

ब्लीडर उघडूनही चाक घट्टच राहिलं तरच ड्रमच्या आत शिरायचं. गंजून अडकलेला सिलिंडरचा पिस्टन या गटात येतो, पण तो एकटा नाही. आधी हँडब्रेकची केबल सोडवून बघा. चाक सुटलं तर केबल आवरणात गंजली आहे. ड्रम काढल्यावर हँडब्रेकचा लिव्हर शूला पूर्ण टेकलेला दिसायला हवा. मग बॅक प्लेटवर (ड्रममागची स्थिर प्लेट) शू ज्या उंचवट्यांवर सरकतात तिथे नख फिरवा. नख अडकेल अशी खाच पडली असेल तर शूची कड त्यात रुतते आणि नवे शूही तिथेच रुतणार. खाच वेल्डिंगने भरून सपाट घासा, नाहीतर प्लेट बदला. वर ब्रेकच्या ग्रीसचा फक्त पुसट हात.

"अ‍ॅडजस्टर ढिला ठेवा." हा सल्ला सरळ धोक्याचा. शूचं अंतर वाढतं, पेडल खाली जातं, आणि होज किंवा केबल कारण असेल तर ब्रेक तरीही धरतोच. ऑटो अ‍ॅडजस्टर असेल तर तो काही दिवसांत शू पुन्हा बाहेर आणतो.

"ड्रमला हातोडा मारा." ड्रम बिडाचा असतो, कडेवर घाव बसला की टवका उडतो. अनेक ड्रमना आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यांत योग्य मापाचे बोल्ट आलटून-पालटून आवळा. झिजेची कड शूला अडत असेल तर बॅक प्लेटच्या खाचेतून पातळ स्क्रूड्रायव्हरने ऑटो अ‍ॅडजस्टरची पट्टी बाजूला धरा आणि दुसऱ्या स्क्रूड्रायव्हरने अ‍ॅडजस्टरची दातेरी चक्री मागे फिरवा. पट्टी न हटवता फिरवलं तर दाते झिजतात. आतली धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा.

जोडताना आधी चक्रीने शू सेट करा, केबल त्यानंतर. उलट क्रमाने केलं तर ताणलेली केबल शू अर्धवट उघडे धरते आणि चाक पुन्हा तापतं.