राजीनामा द्या, पण ग्रॅच्युइटी बघून

'नोकरी सोड आणि सेल्फ-हेल्पचं पुस्तक लिही' असा आतला आवाज येतोय ना तुम्हाला? सोमवारच्या कॉलला म्यूटवर बसलं की जरा जास्तच येतो. ऐका त्याचं, नक्की ऐका, फक्त सलग पाच वर्षं भरल्याशिवाय ऐकू नका, कारण त्याआधी सोडलीत तर ग्रॅच्युइटी बुडते, आणि आतला आवाज काय, सहाव्या वर्षीही येतोच. शेवटचा महिन्याचा पगार (ग्रॅच्युइटीसाठी धरतात तेवढा) गुणिले १५ भागिले २६ गुणिले झालेली वर्षं, हे गणित एक्सेलमध्ये मांडून ठेवा, ती शीट कोणाला दाखवू नका आणि पुस्तकात लिहा की 'एका पहाटे मला जाग आली आणि मी ठरवलं'. ही पहाट व्हेरिएबल पे, म्हणजे कामगिरीवरचा बोनस, खात्यात पडल्यानंतरची असावी. मग ९० दिवसांचा नोटीस पिरियड, त्यात ज्युनियर पोराला केटी (म्हणजे आपलं काम समजावून देणं), लॅपटॉप जमा, रिलीव्हिंग लेटर, फुल अँड फायनल हिशोब. या सगळ्याला पुस्तकात 'झेप' म्हणायचं.

आता पुस्तकात काय येऊ द्यायचं नाही ते बघू, कारण सेल्फ-हेल्प लेखनाची खरी कला तिथेच आहे. बायकोचा पगार येऊ द्यायचा नाही. घर तिच्या पगारावर चालतं, मेडिक्लेम तिच्या कंपनीचा, पोराची फी तीच भरते, बाणेरचा फ्लॅट तुमच्या ऑनसाइटच्या डॉलरवर कधीच फिटलाय, हे सगळं खरं असलं तरी 'शून्यातून सुरुवात' या प्रकरणात ते जरा खटकतं. बायकोला अर्पणपत्रिकेत घ्या. 'जिने माझ्या वेडेपणावर विश्वास ठेवला तिला', एवढ्यात सगळा हिशोब चुकता. आईचं मात्र काही करता येणार नाही, ती नातेवाइकांना 'सध्या त्याचं वर्क फ्रॉम होम आहे' असंच सांगणार, आणि सोसायटीचा वॉचमन अख्ख्या विंगची कुरिअर तुमच्याकडे आणून ठेवणार, कारण दुपारी घरात सापडणारा कर्ता पुरुष एकच. याला 'समाजाचा विरोध' म्हणा, एक प्रकरण निघतं.

अडचण संघर्षाची असते. वडील बँकेत, दहावीला घसघशीत मार्क, इंजिनिअरिंग, कॅम्पसमधून नोकरी, दोन वर्षं अमेरिका... यात संघर्ष शोधायचा कुठे? पण शोधलं की सापडतो. एका वर्षी अप्रेझलला 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स', म्हणजे नुसतं 'ठीकठाक', आलं होतं ना? झालं, तो तुमच्या आयुष्यातला सगळ्यात अंधारा काळ. एकदा बीपी वाढलं होतं आणि डॉक्टर म्हणाले होते लोणचं-पापड जरा कमी करा? तर तुम्ही मृत्यूच्या दारातून परत आलात.

त्यातून वाचक मराठी आहे, म्हणजे तुकोबा लागणारच. १६३० च्या आसपासचा दुष्काळ, बसलेला व्यापार, निघालेलं दिवाळं एवढं घ्या आणि 'अपयशातून पिव्होट', म्हणजे नवी दिशा, असं लेबल लावा. त्याच दुष्काळात त्यांची पहिली बायको आणि मुलगा अन्नावाचून गेले हा भाग गाळा, स्लाइडवर नीट बसत नाही. आणि लोकांकडून येणं असलेली कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली असं सांगतात, ती गोष्ट तर चुकूनही काढू नका, तुमच्या कोर्सचे हप्ते थकवणारे तेवढंच लक्षात ठेवतील.

'तुम्हीही नोकरी सोडा' असं ठणकावून सांगायला घाबरू नका. या धंद्याचा मूळपुरुष सॅम्युअल स्माइल्स, त्याचं 'सेल्फ-हेल्प' नावाचंच पुस्तक १८५९ साली आलं, तेव्हा साहेब इंग्लंडातल्या एका रेल्वे कंपनीत सेक्रेटरी होते, आणि पुस्तक हातोहात खपल्यावरसुद्धा पुढची सात वर्षं रेल्वेतच होते. म्हणजे ज्याने जगाला स्वावलंबन शिकवलं त्याने स्वतः पगार सोडला नाही. पण हे तुम्हाला कोण विचारणारे?

लिहिण्याचा भाग किरकोळ आहे. पहाटे पाचला उठा, थंड पाण्याने अंघोळ करा, वहीत कृतज्ञता लिहा (आपल्या आजीचा अख्खा जन्म पहाटे उठून पाणी तापवण्यात गेला, पण तिने त्याचं रूटीन म्हणून ब्रँडिंग केलं नाही, तिथे ती चुकली), बाकी टाइप मोठा घ्या, परिच्छेदांत मोकळी जागा सोडा, प्रत्येक प्रकरणाअखेर 'तुमचं उत्तर इथे लिहा' म्हणून चार रेघा मारा. म्हणजे निम्मं पुस्तक वाचकच लिहितो.

छापण्याचंही टेन्शन घेऊ नका. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो, तरी काही पॅकेजवाले त्याचेही पैसे लावतात, तेवढं बघा. पहिली आवृत्ती शंभर प्रतींची काढा. साठ नातेवाइकांत, तीस जुन्या टीममध्ये, दहा सोसायटीत, की आठवड्यात 'दुसरी आवृत्ती' अशी पोस्ट टाकायला मोकळे. किंडलवर अ‍ॅमेझॉनच्या याद्या तासातासाला बदलतात, म्हणून आधी एखादी ओसाड कॅटेगरी निवडा, मग कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला सांगून सगळ्यांना एकाच तासात विकत घ्यायला लावा आणि स्क्रीनशॉट काढा. तास संपतो हो, पण स्क्रीनशॉट संपत नाही. त्या दिवसापासून आडनावाआधी 'बेस्टसेलर लेखक'.

प्रकाशन एस. एम. जोशी सभागृहात करा. मी हे सोहळे बरेच बघितलेत, सगळ्यात प्रेक्षणीय क्षण पाहुणे गिफ्ट पेपर फाडतात तोच. पेपर सोनेरी असतो, आयोजकाने सेलोटेप चारी बाजूंनी मारलेली असते, पाहुण्यांना नख लागत नाही, फोटोग्राफर 'सर इकडे बघा' म्हणत राहतो, शेवटी सूत्रसंचालिका धावत येऊन किल्लीने टेप फाडते आणि पुस्तक बाहेर येतं ते उलटं, मागचं कव्हर पुढे, म्हणजे पहिल्या फोटोत लोकांना तुमचाच हाताची घडी घातलेला फोटो दिसतो. मग पाहुणे म्हणतात, पुस्तक मी चाळलंय. ते आत्ताच गिफ्ट पेपरमधून निघालं हे कोणी बोलून दाखवत नाही, कारण नंतर बटाटेवडा आणि कॉफी आहे.

एवढं करून हातात किती उरतं हे मात्र विचारू नका. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे आणि वर्कशॉपवर १८ टक्के, म्हणजे पैसा कुठे आहे ते सरकारला तुमच्या आधी कळलंय. तेव्हा पुस्तक म्हणजे फक्त व्हिजिटिंग कार्ड समजायचं, खरा माल लोणावळ्याच्या रिसॉर्टवरची दोन दिवसांची निवासी कार्यशाळा, डिजिटल डिटॉक्ससह. फोन काढून घ्यायचे, पण पेमेंट झाल्यावर.

आणि त्याहून खरा माल हिंजवडीत, तुमच्या जुन्या आयटी कंपनीत. हो, तिथेच. सामान्य वाचक अप्पा बळवंत चौकात उभा राहून अडीचशेच्या पुस्तकावर वीस टक्के मागतो, पण कंपन्यांकडे ट्रेनिंगचं बजेट असतं आणि ते मार्चच्या आत संपवायचं असतं. फक्त थोडा विषय बदलावा लागतो. पुस्तकात तुम्ही 'साखळी तोडा' म्हटलंय, पण सेशन एचआर विकत घेतंय आणि एचआरचं दुखणं हेच की लोक सोडून चाललेत, तेव्हा तिथे 'जिथे आहात तिथेच फुला' हे घ्यायचं. स्लाइड्स त्याच, बाण उलटे करायचे. पुस्तकाच्या प्रती वेलकम किटमध्ये जातील, त्यातलं 'साखळी तोडा'चं प्रकरण कोणी वाचणार नाही, काळजी नको.

गेटवर सिक्युरिटी रजिस्टरमध्ये लॅपटॉपचा सीरियल नंबर लिहायला लावेल, व्हिजिटर पास देईल, आणि तुमचा जुना मॅनेजर, जो अजून तिथेच आहे आणि मधल्या काळात व्हीपी झालाय, तो तुमची ओळख करून देताना 'आमचाच मुलगा' म्हणेल. हसा. स्लॉट जेवणानंतरचा असतो, त्यामुळे टाळ्यांचा एक्सरसाइज आधी घ्या. पेमेंटसाठी व्हेंडर रजिस्ट्रेशन, कॅन्सल्ड चेक, पॅन, दहा टक्के टीडीएस कापून साठ दिवसांनी. साठचे नव्वद झाले की अकाउंट्सला मेल टाका, सब्जेक्टमध्ये 'जेंटल रिमाइंडर', सीसीत तो जुना मॅनेजर. आणि इन्व्हॉइसवर पीओ (पर्चेस ऑर्डर) नंबर टाकलाय ना ते दोनदा बघा, नाहीतर परत पाठवतात आणि साठ दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजतात.