आजी पुसायची

माझी आजी कधी 'विचारायची' नाही. ती पुसायची. "तुला म्या काय पुसलं?" हे वाक्य दिवसातून दहा वेळा कानावर पडायचं. अंबाजोगाईजवळच्या आमच्या गावात तो रोजचा, साधा शब्द होता. अकरावीला पुण्यात आले आणि पहिल्याच आठवड्यात वर्गात उभी राहून म्हणाले, "बाई, एक पुसू का?" बाई म्हणाल्या, "काय, फळा?" सगळा वर्ग हसला. त्या दिवसानंतर मी तो शब्द तोंडातून काढला नाही.

आता मी इंग्लंडात, यॉर्कशरमधल्या लीड्सला राहते, रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. आणि तो शब्द मला इथे परत भेटला, इंग्रजीच्या वाटेने.

आमच्या विभागात एक मुलगी आहे, जन्म लीड्सचाच, आईवडील जमैकाचे. ती 'आस्क' म्हणत नाही, 'आक्स' म्हणते. एकदा बैठकीत एका वरिष्ठांनी तिला चारचौघांत मधेच थांबवून म्हटलं, "आस्क." ती गप्प झाली ती बैठक संपेपर्यंत. तिचा चेहरा मला ओळखीचा वाटला. घरी येऊन मी त्या शब्दाचं मूळ शोधायला बसले.

हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत या क्रियापदाची दोन्ही रूपं होती, 'आस्कियन' आणि 'आक्सियन'. दोन्ही लिहिली जायची आणि कुणी कुणाला हसत नव्हतं. चौदाव्या शतकात इंग्रजी कवी चॉसर 'आक्स' लिहितो. १५३५ साली छापलेल्या, कव्हरडेलने भाषांतर केलेल्या इंग्रजी बायबलात 'मागा म्हणजे तुम्हांला मिळेल' या वचनात 'आक्स'च आहे. पुढे लंडनच्या प्रतिष्ठित इंग्रजीत 'आस्क' रुळलं आणि दुसरं रूप अडाणी ठरलं. तोवर ते जहाजांतून कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत पोचलं होतं. म्हणजे ज्या उच्चारासाठी माझ्या सहकारी मुलीला टोकलं, तो एकेकाळी बायबलाचा उच्चार होता.

मग मला नादच लागला. आमच्याकडचे म्हातारे रुग्ण 'काही नाही' म्हणायला 'नाउट' म्हणतात. गुडघा दुखतो का? नाउट. हे जुन्या इंग्रजीतलं 'नाविख्त', जवळजवळ तसंच टिकलेलं. 'लॉर्ड' म्हणजे मुळात 'ह्लाफवेअर्ड', भाकरीचा राखणदार. 'लेडी' म्हणजे कणीक मळणारी. आपल्याकडेही कर्त्या माणसाला पोशिंदा म्हणतात, त्यामुळे हे मूळ मला अगदी घरचं वाटलं.

या शब्दांना सांभाळलं कुणी? १०६६ साली फ्रान्समधून नॉर्मन राज्यकर्ते आले आणि दरबार, कायदा, मोठ्यांची पंगत सगळं फ्रेंचमध्ये गेलं. कोर्टात तोंडी कामकाज इंग्रजीत चालवा असं सांगणारा कायदा व्हायला १३६२ साल उजाडलं, आणि तो कायदासुद्धा लिहिला फ्रेंचमध्येच. मधली तीनशे वर्षं इंग्रजी जगली ती मुख्यतः नांगर धरणाऱ्यांच्या आणि धारा काढणाऱ्यांच्या तोंडात. आज इंग्रजीत सगळ्यांत जास्त वापरले जाणारे शंभर शब्द घ्या, जवळजवळ सगळे त्यांनी राखलेले.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा मीही इथे पेढे वाटले. गेल्या वर्षी पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्याचा निर्णय जूनच्या अखेरीस मागे घेतला गेला, तोही मला योग्यच वाटला. पण या दोन्ही वादांत मराठीच्या प्राचीनतेचा अभिमान मिरवताना, ती प्राचीनता आज कुणाच्या तोंडात आहे याची चौकशी फारशी झाली नाही. अभिजात दर्जासाठी पुरावे मांडणाऱ्या रंगनाथ पठारे समितीने नाणेघाटचा शिलालेख दाखवला, गाथासप्तशती दाखवली. ते हवंच होतं. माझी आजी मात्र या पुराव्यात कुठे नव्हती.

ज्ञानेश्वरीचा पहिला अध्याय काढा. "तरी पुत्रस्नेहें मोहितु । धृतराष्ट्र असे पुसतु ।" धृतराष्ट्र संजयाला विचारत नाही, पुसतो. आणि आजीचं 'म्या'? ज्ञानेश्वरीत 'म्यां' जागोजागी आहे. ही ओवी मला शाळेत पाठ होती. तरीही वर्ग हसला तेव्हा ती मला आठवली नाही, आणि बाईंनाही आठवली नाही.

प्रमाणभाषा नको असं माझं म्हणणं नाही. हा लेख मी तिच्यातच लिहितेय, आणि परीक्षेच्या पेपरात मुलांनी 'विचारले' लिहावं हे मला मान्य आहे. गावाकडचं प्रत्येक रूप जुनंच असतं असंही नाही. 'पानी'पेक्षा 'पाणी' जुनं, प्राकृतातही 'ण'च आहे. म्हणून 'पानी' म्हणणाऱ्या पोराला हसायचं का? तेही नाही. इंग्लंडातही सगळं आलबेल नाही, ती बैठक मी विसरलेले नाही. पण इथे शब्दाचं मूळ पाहायची सवय लोकांना आहे. यॉर्कमध्ये 'गेट' म्हणजे रस्ता, कारण तो व्हायकिंगांचा 'गाटा', हे तिथला वाटाड्या पर्यटकांना हौसेने सांगतो. अंबाजोगाईला जुने मराठी कवी मुकुंदराज यांच्या समाधीवर गेलेल्या किती जणांना तिथल्या बाजारातली बोली कुणी अशी उलगडून सांगितली असेल?

शोधता शोधता एक गोष्ट सापडली आणि मी रात्री उशिरापर्यंत जागी राहिले. जुन्या इंग्रजीत विचारण्यासाठी आणखी एक क्रियापद होतं, 'फ्रिग्नन'. संस्कृतातल्या 'प्रच्छ्'चं ते सख्खं भावंड. त्याच 'प्रच्छ्'पासून, प्राकृतातून, आपलं 'पुसणे' आलं. बेओवुल्फ या जुन्या इंग्रजी काव्यात म्हातारा राजा ह्रोथगार आदल्या रात्री आपला जिवलग माणूस गमावून बसलेला असतो. रात्र कशी गेली असं बेओवुल्फ येऊन विचारतो, तेव्हा राजा म्हणतो, 'सुखाचं पुसू नकोस.' तिथे हेच क्रियापद आहे. इंग्रजीने ते केव्हाच गमावलं, आज एकाही इंग्रजाच्या तोंडात ते नाही. आपल्याकडे मात्र ते अजून बीडच्या एसटीत ऐकू येतं.

माझी भाची यंदा पाचवीत गेली, गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत. परवा फोनवर तिने मला पुसलं, "आत्या, तू कवा येणार?" दिवाळीत येते म्हटलं. आल्यावर तिच्या बाईंना भेटून विनंती करणार आहे की वर्गात कुणी 'पुसू का' म्हणालं, तर फळ्यावर धृतराष्ट्राची ती ओवी लिहा, आणि त्या पोराला ती मोठ्याने वाचू द्या.