ब्रिटिश रेल्वेचा दाखला देण्याआधी

रेल्वेच्या खासगीकरणाचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. थोडक्यात तो असा: ‘रेल्वेचा जन्मच ब्रिटनमध्ये खासगी कंपन्यांच्या पैशातून झाला, सरकारने त्यात कधी नाक खुपसले नाही. ब्रिटिश कंपन्यांनीच स्वतःच्या खिशातून आपल्याकडेही रेल्वे आणली. मध्ये समाजवाद्यांनी ती बुडवली, मग थॅचरबाईंनी पुन्हा खासगी केली. आज तिथे रूळ, डबे, गाड्या सगळे खासगी आहे. सरकारला एका पेनीचाही खर्च नाही, स्पर्धेमुळे भाडी उतरली आणि प्रवासी दुप्पट झाले.’ शेवटी ‘आपण कधी शिकणार?’ हे ठरलेले वाक्य.

आपल्या रेल्वेचे काय करावे, या वादात मी इथे पडत नाही. पण दाखला द्यायचा तर तो खरा तरी असावा. या मजकुरातली एखाद-दोन वाक्येच टिकतात.

‘सरकारने नाक खुपसले नाही.’ भांडवल खासगी होते, हे मान्य. १८२५ची स्टॉक्टन-डार्लिंग्टन आणि १८३०ची लिव्हरपूल-मँचेस्टर, दोन्ही भागधारकांच्या पैशातून उभ्या राहिल्या. पण लोकांच्या शेतांतून रूळ न्यायचे तर जमीन सक्तीने घ्यायचा अधिकार लागतो, आणि तो पार्लमेंटकडूनच मिळत असे. म्हणून एकेका मार्गासाठी वेगळा कायदा करून घ्यावा लागे. १८४६ या एका वर्षात असे अडीचशेहून अधिक कायदे झाले. शेअरांचे वेडच लागले होते. यॉर्कचा जॉर्ज हडसन ‘रेल्वेचा राजा’ म्हणून मिरवत होता, तो १८४९ मध्ये हिशेबातल्या भानगडी उघड झाल्यावर आपटला. मंजूर झालेले कित्येक मार्ग कागदावरच राहिले.

त्याआधी, १८४४ मध्येच, तेव्हाचे व्यापारमंत्री ग्लॅडस्टन यांनी कंपन्यांवर एक कायदा लादला होता: रोज किमान एक गाडी, मैलाला एक पेनी भाड्याने, आणि डब्यांना छप्पर हवे. छपराची अट घालावी लागली, यावरूनच तोवर गरीब प्रवाशांची नेआण कशी होत असेल ते कळते. शिवाय नवे मार्ग २१ वर्षांनी विकत घ्यायचा हक्कही सरकारने त्यात राखून ठेवला. पुढे १९२३ मध्ये सुमारे १२० कंपन्यांच्या चार मोठ्या कंपन्या झाल्या, त्याही १९२१च्या कायद्याने. आणि बुडवण्याचे म्हणाल तर, मालमोटारींपुढे धंदा चालत नाही, आम्हाला न्याय द्या, अशी मोहीम याच चार कंपन्यांनी १९३८ मध्ये चालवली होती. त्यानंतर महायुद्धात रूळ आणि डबे पार झिजले. १९४८ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा भागधारकांना तीन टक्के व्याजाचे हमीचे सरकारी रोखे मिळाले. अनेकांना तो सौदा वाईट नव्हता.

‘आपल्याकडे स्वतःच्या खिशातून रेल्वे आणली.’ हे तर आपल्याला तरी कुणी सांगू नये. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी सोडणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीला ईस्ट इंडिया कंपनीने भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी दिली होती. जमीन फुकट, आणि कमाई कमी पडली तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरायची. लंडनच्या भागधारकाला जोखीम जवळजवळ नव्हतीच.

थॅचरबाईंबद्दल एकच ओळ पुरे. त्या नोव्हेंबर १९९० मध्ये पायउतार झाल्या, आणि रेल्वे खासगी करणारा कायदा १९९३चा, जॉन मेजर यांच्या सरकारचा.

‘रूळ, डबे, गाड्या सगळे खासगी’ हे मात्र नीट उलगडून पाहायला हवे. १९९३च्या कायद्याने ब्रिटिश रेल या सरकारी रेल्वेचे शंभराहून अधिक तुकडे झाले. रूळ, सिग्नल, स्थानके रेलट्रॅक या नव्या कंपनीकडे, तीही पुढे खासगी झाली. डबे तीन भाड्याने देणाऱ्या कंपन्यांकडे. गाड्या चालवायचे २५ ठेके. देखभालीचे कंत्राटदार आणखी वेगळे. डब्यांच्या कंपन्या सरकारने किती स्वस्तात विकल्या, त्यासाठी पोर्टरब्रुक पाहा. जानेवारी १९९६ मध्ये ती सुमारे ५३ कोटी पाउंडांना गेली आणि त्याच वर्षी स्टेजकोचने ती साडेब्याऐंशी कोटींना विकत घेतली. मधल्या काही महिन्यांत डबे तेच होते.

रेलट्रॅकचे काय झाले ते हॅटफिल्डला दिसले. १७ ऑक्टोबर २००० रोजी लंडनहून लीड्सला निघालेल्या गाडीखाली तिथल्या वळणावर रूळ फुटला. तडाही कसा, सुमारे ३५ मीटर लांबीत रुळाचे तीनशेहून अधिक तुकडे. चार प्रवासी गेले. रुळाच्या कडेला पडणाऱ्या बारीक भेगांचा हा प्रकार आधीच माहीत होता आणि रूळ बदलायचेही ठरले होते. पण देखभाल एका कंत्राटदाराकडे, नवे रूळ टाकायचे काम दुसऱ्याकडे, मालकी तिसऱ्याची. ते काम झालेच नाही. अशा भेगा आणखी कुठे आहेत हे रेलट्रॅकला खात्रीने सांगता येईना, म्हणून देशभर जागोजागी गाड्यांचा वेग उतरवावा लागला आणि वेळापत्रक कित्येक महिने कोलमडले. ऑक्टोबर २००१ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रशासनात गेली आणि २००२ मध्ये रूळ नफा न वाटणाऱ्या नेटवर्क रेलकडे आले. २०१४ पासून ही संस्था अधिकृतपणे सरकारी खात्यात मोडते. थोडक्यात, रूळ खासगी असल्याचे सांगणारा मजकूर वीसेक वर्षे शिळा आहे.

‘एका पेनीचाही खर्च नाही.’ काही ठेकेदार सरकारला पैसे देत, तर बरेच अनुदान घेत. लंडन-एडिनबरा मार्गाचा ठेका घेताना कंपन्यांनी मोठमोठे आकडे कबूल केले आणि तीनदा, २००७, २००९ आणि २०१८ मध्ये, ठेका अर्ध्यावर सुटला. त्यातल्या दोनदा सरकारला स्वतः गाड्या चालवाव्या लागल्या. मार्च २०२० मध्ये कोविडने प्रवासी थांबले, तेव्हा तिकिटांचे उत्पन्न आणि सगळा तोटा सरकारने अंगावर घेतला आणि कंपन्या ठरलेल्या मोबदल्यावर गाड्या चालवू लागल्या. त्यानंतरच्या वर्षांतही रेल्वेवरचा सरकारी खर्च वर्षाला १० अब्ज पाउंडांच्या वर राहिला.

त्यात आणखी एक गंमत. ‘खासगी’ ठेकेदारांपैकी आरिवा २०१० ते २०२४ जर्मन सरकारी रेल्वेच्या मालकीची होती. अबेलिओ डच सरकारी रेल्वेची, आणि सी-टू-सीची मालक ट्रेनइटालिया इटलीच्या सरकारी रेल्वेची. ब्रिटिश सरकार सोडून बाकी कुणाच्याही सरकारला तिथे धंदा करता येत होता, असे म्हटले तरी फार चुकणार नाही.

‘भाडी उतरली.’ जवळजवळ निम्म्या भाड्यांची कमाल वाढ सरकारच ठरवते. २००४ नंतर बरीच वर्षे ती महागाईपेक्षा एक टक्का जास्त ठेवली होती. बहुतेक मार्गांवर ठेका एकाच कंपनीकडे, मग स्पर्धा कुणाशी? ठेक्याबाहेर, स्वतःच्या जोखमीवर धावणाऱ्या हल ट्रेन्स, ग्रँड सेंट्रल आणि २०२१ पासून लुमो यांच्यामुळे लंडन-एडिनबरा या पूर्व किनाऱ्याच्या मार्गावर स्वस्त तिकिटे मिळतात, हे कबूल करायला हवे. पण त्या मोजक्याच गाड्या.

‘प्रवासी दुप्पट झाले.’ हे खरे आहे, उलट कमीच सांगितले आहे. १९९४-९५ मध्ये सुमारे ७३.५ कोटी प्रवास झाले होते, २०१८-१९ मध्ये १७५ कोटींच्या आसपास. फेऱ्या वाढवणे, आगाऊ आरक्षणाची स्वस्त तिकिटे काढणे यांचे श्रेय कंपन्यांना द्यायलाच हवे. मात्र चढण सुरू झाली ती पहिली खासगी गाडी फेब्रुवारी १९९६ मध्ये धावण्याआधी, मंदी ओसरल्यावर. लंडनमधल्या नोकऱ्या वाढल्या, रस्ते तुंबले, गाडी बाळगणे महागले. हा सगळा हिशेब एकट्या खासगीकरणाच्या खात्यावर मांडता येत नाही.

आता याच्या उलट बाजूचा मजकूरही दिसतो: ‘ब्रिटनने रेल्वे जप्त केली.’ तेही नाही. नोव्हेंबर २०२४च्या कायद्यानुसार ठेक्याची मुदत संपेल किंवा करारानुसार संपवता येईल, तशा गाड्या सरकारकडे येतात. जप्ती नाही, त्यामुळे भरपाईही नाही. २५ मे २०२५ रोजी साउथ वेस्टर्न रेल्वेपासून सुरुवात झाली. त्या दिवशीची गाजावाजा झालेली पहिली गाडी वोकिंगहून लंडनला निघाली आणि रुळांच्या कामामुळे प्रवाशांना उरलेल्या टप्प्यात बसमध्ये बसावे लागले. विरोधकांना आयतेच कोलीत मिळाले. त्याच वर्षी सी-टू-सी आणि ग्रेटर अँग्लियाही सरकारकडे आल्या. रूळ आणि गाड्या एकत्र आणणाऱ्या ग्रेट ब्रिटिश रेल्वेजचे मुख्यालय डर्बीला ठरले आहे. मालगाड्या मात्र खासगीच राहणार आहेत, लुमोसारख्या गाड्याही. डब्यांच्या मालकीलाही या कायद्याने हात लावलेला नाही. सरकारी झालेल्या साउथ वेस्टर्नच्या बहुतेक डब्यांचे भाडे आजही एंजल, पोर्टरब्रुक अशा खासगी मालकांकडेच जाते.