पंपिंग ६० टक्के असताना डावी बाजू अडचणीत कशी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

फुफ्फुसं खराब होऊन हृदयाच्या उजव्या कप्प्यावर ताण आला की डाव्याचं काम घटतं, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर "काय ओ डॉक्टर, उगाच घाबरवताय की!" अशी सुरुवात करून तुम्ही तीन मुद्दे मांडलेत. एक, हृदय म्हणजे एकापुढे एक जोडलेले दोन पंप. पहिला थकला तर दुसऱ्याला पाणी कमी येईल, पण म्हणून दुसऱ्यात बिघाड आहे असं आपल्या एमआयडीसीतला कुठलाच फिटर म्हणणार नाही. दोन, काकूंच्या एकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग ६० टक्के आहे, म्हणजे डावी बाजू ठणठणीत. तीन, बीपी आधीच कमी असताना लघवीची गोळी देणं म्हणजे उरफाटा कारभार.

पंपांचं गणित अर्धं मान्य. उजवा कप्पा फुफ्फुसांत जेवढं रक्त पाठवेल तेवढंच डावीकडे पोचणार. पण तुमचे पंप वेगवेगळ्या फाउंडेशनवर बसवलेले असतात. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमध्ये स्नायूचा एकच सामाईक पडदा आहे, आणि दोघांभोवती हृदयावरणाची एकच पिशवी, जी चटकन ताणली जात नाही. उजवा फुगला की जागा डाव्याची जाते.

एरवी आकुंचनाच्या वेळी डाव्यात दाब १२० आणि उजव्यात २५ च्या आसपास असतो. त्यामुळे पडदा उजवीकडे फुगलेला राहतो आणि आडव्या छेदात डावा कप्पा गोल दिसतो. चुलीचा धूर वर्षानुवर्षं छातीत जाऊन फुफ्फुसं खराब झाली (विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीकडून येणाऱ्या बायकांमध्ये मी हे पाहतो, आणि त्या स्वतः कधी धूम्रपान करत नाहीत), फुफ्फुसांकडे जाणाऱ्या धमनीतला दाब वाढला, की उजवा कप्पा आधी जाड होतो, मग फुगतो, आणि त्याचं आकुंचन लांबतं. डावा आपलं काम उरकून सैल पडलेला असतो तेव्हा उजवा अजून दाबतच असतो. पडदा डावीकडे ढकलला जातो, तोही नेमका डाव्यानं रक्त भरून घ्यायच्या वेळी. गोल डावा कप्पा मग इंग्रजी D सारखा दिसतो, म्हणून एको करणारे याला डी-शेप म्हणतात. काकूंच्या रिपोर्टात उजव्या बाजूचा दाब ६८ आणि 'पडदा चपटा' असा शेरा आहे, हे तुम्हीच लिहिलंय. त्या दोन ओळी सोडून तुम्ही ६० वर थांबलात.

६० टक्के कशाचे, हे बघा. कप्प्यात १०० मिली रक्त भरलं तर ठोक्याला ६० मिली बाहेर पडतं. भरलंच ६० मिली, तर ३६. मिनिटाला ८० ठोके धरले तर पहिल्यात ४.८ लिटर, दुसऱ्यात २.९. रिपोर्टात दोन्हीकडे ६०च छापून येतं. शिवाय एकाच रेषेवर मोजून काढलेला आकडा कप्पा नीट आकाराचा आहे असं गृहीत धरतो. पडदा चपटा असेल तर तो आकडा फसवा ठरू शकतो. म्हणून मी लेखात "डाव्याचा स्नायू खराब होतो" असं म्हटलं नव्हतं, "डाव्याचं काम घटतं" असं म्हटलं होतं. दाब खूप काळ राहिला तर डाव्याचा स्नायू रोडावतोही. फुफ्फुसांतल्या जुन्या गुठळ्यांमुळे दाब वाढलेल्या रुग्णांत शस्त्रक्रियेनं त्या काढल्यावर डावा कप्पा पुन्हा नीट भरू लागतो. म्हणजे डाव्याला वेगळं औषध लागत नाही, उजव्याचं ओझं उतरवावं लागतं.

आता गोळी. बीपी कमी म्हणून सलाइन लावा, असा आग्रह नातेवाईक नेहमी धरतात. ताणलेल्या उजव्या कप्प्यात आणखी पाणी गेलं तर तो आणखी फुगतो, पडदा आणखी सरकतो आणि बीपी उलट घसरू शकतं. फुफ्फुसात मोठी गुठळी अडकलेल्या रुग्णाला बाटल्यांवर बाटल्या चढवत नाहीत, त्याचं कारण हेच. पायावर सूज असताना बेतानं पाणी काढलं तर उजवा आकसतो, डाव्याला जागा मिळते आणि बीपी सुधारूही शकतं.

बेतानं हा शब्द मात्र महत्त्वाचा. सोलापूरच्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि घामानंच पाणी जातं. हिवाळ्यातला गोळीचा डोस तेव्हा जास्त होऊ शकतो. काकूंचं वजन रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर लिहून ठेवा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं, किंवा उठताना अंधारी आली, तर गोळी मनानं वाढवू-थांबवू नका, त्यांच्या डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा.