तोंड कुठंय त्याचं?

‘न्यू पोकेमॉन स्नॅप’ ह्या निन्टेन्डो स्विचवरच्या व्हिडिओ गेमची शिफारस करणारे सगळे एकच सांगतात: निवांत खेळ आहे, घरातल्या कुणालाही खेळता येतो. खोटं नाही ते. मारामारी नाही, हरणं नाही, घड्याळ नाही. निओ-वन नावाच्या गोलसर गाडीत बसायचं, गाडी ठरलेल्या वाटेनं आपली आपण चालते, लेंटाल नावाच्या काल्पनिक बेटांवर पोकेमॉन, म्हणजे तिथले चित्रविचित्र प्राणी, बागडत असतात, आपण फोटो काढायचे. मग गाडी परत येते, खेळातले प्रोफेसर मिरर प्रयोगशाळेत फोटो तपासायला घेतात आणि निवांतपणाचं दुकान बंद होतं.

आज त्यांनी माझ्या वेलॉर्डला ब्राँझ दिलं, म्हणजे सगळ्यात खालचा दर्जा.

वेलॉर्ड म्हणजे साडेचौदा मीटरचा देवमासा. मॅरिकोपियाच्या समुद्रात तो अख्खाच्या अख्खा पाण्याबाहेर उसळलेला, आपल्याकडे पाठ, फ्रेमच्या उजव्या बाजूला, आणि डावीकडे नुसतं पाणी आणि आभाळ. फोटो कसा असावा हे ज्याला कळतं त्यानं हा भिंतीवर लावला असता. मिररसाहेबांनी दिशेचे गुण कापले, जागेचे कापले, आकाराचे कापले आणि हसून पुढचा फोटो घेतला.

नेमके त्याच वेळी शेजारचे काका पेपरची पुरवणी मागायला आले होते. काका निवृत्त चित्रकला शिक्षक. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटचे गठ्ठेच्या गठ्ठे तपासलेला माणूस. पुरवणी काखेत मारून ते टीव्हीसमोर उभे राहिले.

“हे काय आहे?”

“वेलॉर्ड. मासा आहे.”

“तोंड कुठंय त्याचं?”

“पलीकडे. समुद्राकडे बघतोय तो.”

“का?”

ह्या ‘का’वर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

“बरं, डावीकडे एवढी जागा कुणासाठी सोडलीस? कुणी यायचं होतं का?”

“काका, त्या मोकळ्या जागेमुळेच तर...”

“स्मरणचित्रात पोरं हेच करायची. बाजार काढा म्हटलं की कोपऱ्यात एक भाजीवाली, बाकी कागद कोरा. वर मलाच सांगायची, सर, दुपार आहे, बाजारात गर्दी नाही.” काका खुर्ची ओढून बसले. “आणि समजा, उद्या ह्या माशाचं काही बरंवाईट झालं, तर श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर काय पाठ छापणार?”

तेवढ्यात पडद्यावर मिरर पुन्हा आले. काकांनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. “माणूस अनुभवी आहे,” म्हणाले. “एकेका चित्रावर थांबत नाही.”

तर आता गुणांचं गणित, कारण संताप गणिताचाच आहे. मिरर सहा गोष्टी बघतात: पोकेमॉन काय करतोय, किती मोठा दिसतोय, तोंड आपल्याकडे आहे का, मधोमध आहे का, सोबत आणखी कुणी आहे का आणि पार्श्वभूमी. शेवटच्या दोन म्हणजे वरकड कमाई. खरी भाकरी पहिल्या चारांत. म्हणजे उत्तम फोटो कोणता? फ्रेम भरलेली, कान-शेपूट न कापलेली, मधोमध, कॅमेऱ्याकडे बघणारा. आधार केंद्रावर काढतात तो.

तसा काढणं अवघड नाही, फक्त नीरस आहे. कंट्रोलरवरचं झेडएल बटण दाबून झूम करा, पण शेपूट फ्रेमबाहेर जाण्याआधी थांबा. बी दाबून फ्लफफ्रूट टाका. हे मऊ सफरचंदासारखं फळ हवं तितकं मिळतं, म्हणून नवखे लोक ते पोकेमॉनच्या डोक्यात मारतात. ते पोकेमॉनच्या आणि गाडीच्या मध्ये पडायला हवं. पलीकडे पडलं तर तो फळाकडे वळतो आणि आपल्या वाट्याला पुन्हा पाठ. फळ न खाणारा असेल तर एक्स दाबून स्कॅन करा किंवा आर दाबून गाणं वाजवा, मान बऱ्याचदा वळते. चौकट चेहऱ्यावर नको, धडावर धरा. आणि गाडी थांबत नाही हे लक्षात ठेवून तो वळायच्या आधीपासून ए दाबत राहा. एका फेरीत 72 फोटो मिळतात, कंजुषी कशाला?

ही खोड जुनी आहे. 1999 साली निन्टेन्डो 64 वर पहिला ‘पोकेमॉन स्नॅप’ आला तेव्हा प्रोफेसर ओक तपासायचे, आणि पोकेमॉन मधोमध असला की सरळ गुण दुप्पट करायचे. पण त्या खेळात निदान एक सोय होती. धुराचे गोळे फेकून पोकेमॉनना छळता यायचं. अमेरिकेत तर ते फोटो दुकानातल्या यंत्रावर स्टिकर म्हणून छापूनही मिळायचे. मग 22 वर्षांनी, 2021 मध्ये, नवा खेळ आला आणि त्यातून गोळे गायब. फळं द्या, गाणं ऐकवा, संस्कार करा. ज्याच्यावर गोळा फेकावासा वाटतो तो प्रयोगशाळेत असतो हा भाग वेगळा.

गुणांखेरीज तारेही आहेत, आणि पहिल्या दिवशी प्रत्येकजण तिथे फसतो. एक ते चार तारे म्हणजे फोटोचा दर्जा नव्हे, वागणुकीचा दुर्मीळपणा. नुसता उभा असेल तर एक तारा, क्वचित दिसणारं काही करत असेल तर चार. त्यामुळे चार ताऱ्यांचा ब्राँझ फोटोही असतो आणि एका ताऱ्याचा हिराही, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचा. अल्बममध्ये प्रत्येक पोकेमॉनला चार रकाने, आणि सुरुवातीचे 214 पोकेमॉन, नंतरच्या मोफत अपडेटचे 20 धरून 234. पण एका फेरीतून एका जातीचा एकच फोटो तपासायला देता येतो! एकाच फेरीत वेलॉर्डचे दोन निरनिराळ्या ताऱ्यांचे फोटो मिळाले तरी एक फेकायचा आणि दुसऱ्यासाठी पुन्हा तोच समुद्र, तीच गाडी, तोच वेग. ह्याला मी शोधमोहीम म्हणणार नाही. ह्याला खेटे म्हणतात.

फेरीनंतर री-स्नॅपमध्ये फोटो सुधारताही येतो. झूम बदला, कॅमेरा तिरका करा, फोकस हलवा, वर फ्रेमा आणि स्टिकर चिकटवा. मनासारखा होतो अगदी. फक्त तो मिरर तपासत नाहीत.

हे सगळं काकांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“पुनर्मूल्यांकनाचा अर्ज?”

“नाही.”

“उत्तम,” म्हणाले, आणि पुरवणी घेऊन गेले.