घरघरणाऱ्या कोंबडीला हळद पाजण्याआधी

तो मेसेज पुन्हा फिरायला लागलाय. मजकूर थोडक्यात असा: गावरान कोंबडी घरघरायला लागली म्हणजे तिला सर्दी झाली. हळद-लसूण तेलात कालवून घशात सोडा, सोबत माणसाची अ‍ॅमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकची अर्धी गोळी द्या, तीन दिवसांत ठणठणीत. गावरानला लसबिस लागत नाही, ती फार्मवाल्यांची थेरं. आणि उतार पडलाच नाही तर मरायच्या आत कापून खा.

मी तासगाव-विटा पट्ट्यात पशुसखीचं, म्हणजे गावातल्या जनावरां-कोंबड्यांच्या प्राथमिक देखभालीचं काम करते. हे उपाय करून झाल्यावरच बऱ्याच बायका मला हाक मारतात, म्हणून एकेक दावा घेते.

“घरघर म्हणजे सर्दी.” सगळा घोळ इथूनच सुरू होतो. घरघर हे लक्षण आहे, आणि त्यामागे निदान सहा-सात वेगळ्या गोष्टी असू शकतात. मे महिन्यात दुपारी कोंबडी चोच उघडी टाकून, पंख फाकवून धापा टाकत असेल तर आधी सावली आणि गार पाणी द्या. बहुतेक वेळा तो उन्हाचा ताप असतो, रोग नव्हे. खरं ऐकायचं ते रात्री. कोंबड्या खुराड्यात निवांत झाल्या की बॅटरी घेऊन जा आणि दोन मिनिटं गप्प उभ्या राहा. घरघर एकीची की चार जणींची, ते तेव्हाच कळतं. मग एकेक हातात घेऊन नाक, डोळे, तोंडाची आतली बाजू आणि खाली पडलेली शीट बघा.

डोळ्यांत फेस, नाक ओलं, खोकल्यासारखा आवाज, पण कोंबडी खातेय आणि हे आठवडेच्या आठवडे रेंगाळतंय, तर संशय मायकोप्लाझ्मा या जंतूच्या जुनाट श्वसनरोगाचा. फार्मवाले त्याला सीआरडी म्हणतात. तोंडाची एक बाजू सुजून डोळा मिटलाय आणि नाकातल्या पाण्याला घाण वास येतोय, तर कोरायझा; तो एक-दोन दिवसांत शेजारणींनाही धरतो. तोंडात पिवळट खपल्या असतील तर घशात उतरलेल्या देवी. त्या खपल्या नखानं ओरबाडू नका, रक्त येतं आणि कोंबडी गुदमरते. लहान पिल्लं आवाज न करता नुसती आ वासून श्वास घेत असतील तर खालचं अंथरूण हुंगा. भिजून बुरशी आलेली शेंगांची टरफलं किंवा भुसा असेल तर बुरशी थेट फुप्फुसात गेलेली असते. तिथं कुठलीही अँटिबायोटिक चालत नाही, अंथरूण काढून टाकणं हाच पहिला उपाय. खुराड्यात वाकल्यावर तुमचेच डोळे चुरचुरले तर शिटेतला अमोनिया कोंबड्यांचा श्वास पोखरतोय असं समजा.

आणि घरघरीसोबत हिरवट पातळ शीट, लुळे पंख, एकाच वेळी चार-पाच जणी मलूल, दोन दिवसांत मर सुरू, हे राणीखेत, आपली मानमोडी. मान वाकडी होईपर्यंत थांबू नका, ते लक्षण उशिरा येतं आणि प्रत्येकीत येतही नाही. हा विषाणूचा रोग आहे, त्यावर औषध नाही.

“हळद-लसूण घशात सोडा.” सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, कोंबडीच्या औषधाचा परवाना नाही मिळाला. खाद्यात चिमूटभर हळद घातली तर बिघडत काही नाही, पण त्यानं विषाणू मरत नाही की जंतू हटत नाही. खरा धोका पाजण्यात आहे. कोंबडीच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या अगदी मागे असतं. धापा टाकणाऱ्या कोंबडीची चोच उघडून तेल ओतलं की ते सरळ फुप्फुसात. अशी कोंबडी तासाभरात गेली की घरचे म्हणतात, रोग फार जोराचा होता.

“अर्धी गोळी द्या.” हिशेब करू. पन्नास किलोच्या माणसाला ५०० मिलिग्रॅमची गोळी, म्हणजे किलोला १०. दीड किलोच्या कोंबडीला २५० मिलिग्रॅम, म्हणजे किलोला दीडशेच्या वर! बरं, एवढं देऊनही सीआरडीत उपयोग शून्य. अ‍ॅमॉक्सिसिलिन मारा करतं जंतूच्या पेशीभित्तिकेवर, आणि मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नसते. त्याला टायलोसिन किंवा डॉक्सिसायक्लिनसारखी औषधं लागतात, तीही डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत आणि पूर्ण दिवस.

“तीन दिवसांत ठणठणीत” हेही तसंच. सीआरडीची कोंबडी वरवर बरी दिसते, पण जंतू तिच्यात राहतो आणि अंड्यातून पिल्लांत उतरतो. तिची अंडी खुडूक कोंबडीखाली बसवू नका.

“गावरानला लस लागत नाही.” याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. गावरान काटक असते, ऊन-पाऊस सोसते, हे खरं. पण राणीखेत तिला सोडत नाही. आठवड्यात अख्खं खुराडं रिकामं होतं. राणीखेतची लासोटा ही लस पहिल्या आठवड्यात, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा. आठ आठवड्यांनंतर त्याच रोगाची आर-टू-बी ही लस टोचून. यात अवघड काही नाही. अडचण वेगळीच आहे: लशीची बाटली शंभर किंवा त्याहून जास्त डोसची येते आणि बायकांकडे कोंबड्या असतात आठ-दहा. कालवलेली लस दोन तासांत संपवावी लागते, उरली तर फेकायची. म्हणून वस्तीनं एक दिवस ठरवून सगळ्यांच्या कोंबड्या सकाळी डालग्याखाली झाकून ठेवल्या, तर एक बाटली साऱ्यांना पुरते आणि खर्चही वाटला जातो. लस बर्फात आणा. पाण्यातून देणार असाल तर ग्रामपंचायतीच्या नळाचं पाणी नको, त्यातल्या टीसीएलनं, म्हणजे ब्लीचिंग पावडरीनं, लसच मरते. आणि साथ आल्यावर आजारी कोंबडीला टोचून फायदा नाही.

जत्रेच्या हंगामात आठवडी बाजारातून आणलेली कोंबडी तर सरळ आपल्या कळपात सोडूच नका. दोन-तीन आठवडे वेगळी बांधा, तिचं पाण्याचं भांडंही वेगळं ठेवा.

“मरायच्या आत कापून खा.” आधी अँटिबायोटिक द्यायची आणि मग रस्सा करायचा, हा सल्ला एकाच मेसेजमध्ये! औषधावर थांबण्याचा काळ, म्हणजे शेवटच्या डोसनंतर किती दिवस अंडी-मांस खायचं नाही ते, छापलेला नसेल तर नियमाप्रमाणे अंड्यासाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी २८ दिवस थांबायचं असतं. दुसरं म्हणजे बर्ड फ्लू. देशातला पहिला उद्रेक २००६ मध्ये आपल्याच राज्यात, नवापूरला झाला. तो आणि राणीखेत नुसत्या नजरेनं वेगळे ओळखता येत नाहीत, ते प्रयोगशाळाच सांगते. नीट शिजवलेल्या मांसात विषाणू टिकत नाही, पण तुम्ही ती कोंबडी मानेला धरता, सोलता, आतडी काढता, तेव्हा ती कच्चीच असते, आणि शेजारी पोरं बसलेली असतात.

एकदम तीन-चार मेल्या तर पिसं उपटायला बसू नका, ओढ्यात किंवा कॅनॉलला टाकू नका. हाताला पिशवी बांधून बाजूला झाका आणि गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, नाहीतर १९६२ ला फोन लावा. डॉक्टरांना तपासणीसाठी कोंबडी हवी असेल तर ते सांगतील; बाकीच्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायच्या, कुत्री उकरणार नाहीत इतक्या खोल.